जालन्याचे पोलाद आणि टेंभुर्णीचा पदवीधर

टेंभुर्णी म्हटले की बहुतेकांस सोलापूर जिल्ह्यातील गाव आठवते. आमचे टेंभुर्णी ते नव्हे. हे जालन्याच्या उत्तरेस, जाफराबाद तालुक्यात आहे. येथील मुले एस.टी.ने महाविद्यालयात येतात, बी.ए. किंवा बी.कॉम. होतात आणि मग पहाटे रस्त्यावर धावू लागतात. व्यायामाच्या आवडीने नव्हे, पोलीस भरतीसाठी. जालन्याच्या पोलाद कारखान्यात कोणी पाऊल ठेवले आहे काय, असे मी एकदा अर्थशास्त्राच्या वर्गात विचारले. एकही हात वर झाला नाही.

जालन्यात लोहखनिज नाही, कोळसाही नाही. भंगार आणायचे, विजेच्या भट्टीत वितळवायचे आणि त्याच्या सळया ओढायच्या, या व्यवसायावर हे शहर वाढले. त्या भट्ट्यांपुढे कोण उभे असते, हे देशाला एका दुर्घटनेने कळले. 8 मे 2020 रोजी पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. टाळेबंदीत ते जालन्याहून भुसावळच्या दिशेने पायी निघाले होते. ते जालन्याच्या पोलाद कारखान्यातील कामगार; त्यांची घरे मध्य प्रदेशातील शहडोल व उमरिया जिल्ह्यांत. हे दोन्ही जिल्हे कोळशाच्या खाणींचे आहेत. खाणीशेजारी राहूनही त्यांना पोटासाठी इतक्या दूर यावे लागले. खनिज किंवा कारखाना जवळ असला म्हणजे तेथील माणसास आपोआप रोजगार मिळतो, ही समजूत यावरून तपासून पाहावयास हवी.

आमची मुले कष्टाला भितात, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. भट्टीपुढील काम जीवघेणे आहे आणि ते टाळणाऱ्यास मी दोष देणार नाही. परंतु मजूर आणि अभियंता यांच्यामध्ये पुष्कळ कामे असतात. वितळलेल्या धातूचा नमुना तपासणे, विजेची यंत्रणा सांभाळणे, रोलिंग मिलची देखभाल करणे, ही कामे दोन वर्षांच्या शिक्षणाने येऊ शकतात. ते शिक्षण बी.ए.च्या वर्गात मिळत नाही. आय.टी.आय. आहेत हे खरे. पण पदवीच्या दुसऱ्या वर्षातील मुलीला सारे सोडून तिकडे वळणे सोपे नसते.

मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा केंद्र 2018 साली जालन्यात सुरू झाले, याचा मला आनंदच आहे. तेथे पाच वर्षांचा एकात्मिक एम.टेक. अभ्यासक्रम असून विद्यार्थ्यांना मधूनमधून प्रत्यक्ष उद्योगात काम करावे लागते. पद्धत उत्तम आहे. मात्र प्रवेशपरीक्षेची चाळणी पार करणारे थोडे, आणि माझ्या वर्गातील तर जवळजवळ कोणीच नाही.

बियाण्यांची कथा याहून बोलकी आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली जालन्यात महिको स्थापन केली. 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आज या भागात शेडनेटखाली टोमॅटो, मिरचीचे संकरित बी घेतले जाते. फुलातले पुंकेसर चिमट्याने काढून हाताने परागकण लावण्याचे नाजूक काम बहुधा बायका करतात, आणि ते उत्तम करतात. पण पीक हाती आल्यावर बियाण्याच्या उगवणीचा आणि शुद्धतेचा अहवाल कंपनीकडून येतो. 'नापास' असा शेरा आला तर हंगाम गेला! तो अहवाल वाचून प्रश्न विचारू शकेल असा माणूस गावात नसतो. बियाणे परीक्षण हा काही दुर्बोध विषय नव्हे. शास्त्र शाखेच्या साध्या प्रयोगशाळेतही त्याचा मोठा भाग शिकवता येईल.

कॅनडाच्या उत्तर आल्बर्टात, तेलवाळूच्या खाणींच्या फोर्ट मॅकमरे या गावी कियानो कॉलेज आहे. अवजड यंत्रांची दुरुस्ती आणि बाष्पयंत्रणा चालविण्याचे शिक्षण तेथे गावातच मिळते. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2013 साली सामुदायिक महाविद्यालयांची योजना आणली. विद्यमान महाविद्यालयांतच, उद्योगांशी करार करून असे अभ्यासक्रम चालवावयाचे होते. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका देऊ केली. परंतु कला शाखेचे एक वर्ष पुरे केल्याचे प्रमाणपत्र घेऊन मुलाने कोणत्या दारात उभे राहावे?

खर्च कोणी करावयाचा, हा खरा प्रश्न आहे. एखाद्या कारखानदाराने मुलास शिकवून तयार करावे आणि शेजारच्याने चार पैसे जास्त देऊन त्याला न्यावे, ही भीती रास्त आहे. म्हणूनच एकटा कारखाना शिक्षणावर खर्च करीत नाही आणि तयार माणूस बाहेरून आणणे त्याला स्वस्त पडते. यावर उपाय एकच, आणि तो म्हणजे सर्वांनी मिळून भरावयाचा निधी. पोलाद व बियाणे उद्योगांनी उत्पादनाच्या प्रमाणात वाटा द्यावा, तितकीच भर शासनाने घालावी आणि अभ्यासक्रम ठरविताना कारखान्यातील फोरमनला व शेडनेटमधील अनुभवी बाईला प्राध्यापकांच्या बरोबरीने बसवावे. नवी इमारत बांधण्याची घाई नको. तालुक्यांतील महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा दुपारनंतर कुलूपबंद असतात. शेवटची एस.टी. मात्र दोन तास उशिरा सोडावी लागेल, नाहीतर त्या वर्गात मुली दिसणार नाहीत.