बडोद्याचे वेंकी आणि पेशीतला कारखाना
जीवशास्त्र घेतलं, मग रसायनशास्त्रातले बंध कशाला शिकायचे? हा प्रश्न मलाही पडायचा. त्याचं उत्तर आपल्या बडोद्यातच सापडलं.

वेंकटरमण रामकृष्णन लहानपणी इथे आले, इथेच शिकले. १९७१ मध्ये म. स. विद्यापीठातून बी.एस्सी. झाले, विषय भौतिकशास्त्र. पुढे जीवशास्त्राकडे वळले आणि २००९ मध्ये दोन शास्त्रज्ञांसोबत नोबेल मिळालं, तेही रसायनशास्त्राचं! काम होतं रायबोसोमच्या रचनेवर.

रायबोसोम म्हणजे पेशीतला प्रथिनांचा कारखाना. इथे दोन बंध महत्त्वाचे. अमिनो आम्लांना एकमेकांशी जोडणारा पेप्टाइड बंध सहसंयुज, म्हणजे पक्का. हायड्रोजन बंध मात्र कच्चा. आरएनएवरचा संदेश तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो, तो याच कच्च्या बंधांनी: ए समोर यू, जी समोर सी. कच्चा म्हणूनच काम झालं की तो सुटतो आणि पुढची अक्षरं वाचता येतात. अंडं उकडताना असेच कच्चे बंध तुटून प्रथिनांची घडी मोडते; पक्की साखळी शाबूत राहते.

आणि हे फक्त परीक्षेपुरतं नाही बरं का! स्ट्रेप्टोमायसिन क्षयाच्या जंतूच्या रायबोसोमला चिकटतं, वाचनात चुका होतात आणि जंतू मरतो. आपले रायबोसोम वेगळे, म्हणून आपण वाचतो. पण जंतूच्या रायबोसोममध्ये त्या जागी छोटासा बदल झाला, तरी औषध नीट चिकटत नाही आणि रुग्णाला लागू पडत नाही.

म्हणून मित्रांनो, बंध नुसते पाठ करू नका, समजून घ्या.