मुंबई बेटांतील अश्मीभूत मंडूक व कच्छप

ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेस वसलेल्या नव्या मुंबईंत इतिहाससंशोधकास उपयुक्त अशीं साधनें कोणतीं, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न होतो. बेलापूरचा किल्ला व खाडीकांठचीं आगरी-कोळ्यांचीं गांवें जुनीं असलीं, तरी नगर म्हणून त्याचें वय अल्प आहे. तें उभारण्यासाठीं सिडको ही संस्था स्थापन झाली ती १९७० सालीं. परंतु ज्या पारसिकच्या डोंगरास पाठ लावून हें नगर उभें आहे, त्याचें वय कोटींनीं मोजावें लागतें. अशा खडकांच्या प्रदेशांत पुरातन प्राण्यांचे अवशेष कोठें मिळतात, आणि मिळाल्यास संग्राहकानें काय करावें, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे. त्यास आधार म्हणून खाडीपलीकडे वरळीस मिळालेल्या बेडकांचा व कांसवाचा वृत्तांत घेतला आहे.

महाराष्ट्राची भूमि बहुतांशीं काळवत्री पाषाणाची आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूगर्भांतून तप्त लाव्हा पुनःपुन्हां बाहेर येऊन थिजला, आणि त्याच्या थरांवर थर चढत गेले. अशा तप्त रसांत प्राण्याचें हाड टिकणें शक्य नाहीं. म्हणून आपल्या प्रांतांत अवशेष शोधावयाचे ते तीन ठिकाणीं. पहिलें ठिकाण लाव्ह्याच्या खालीं: चंद्रपूर जिल्ह्यांतील पिसदुरा येथें डायनासोरांचीं हाडें व अश्मीभूत विष्ठा सांपडली, ती अशा तळच्या थरांत. दुसरें लाव्ह्याच्या वर: गोदावरीच्या गाळांत नांदूर-मध्यमेश्वर येथें प्राचीन हत्तीचे अवशेष मिळाले व पिलग्रिम यांनीं १९०५ सालीं त्यांची माहिती प्रसिद्ध केली, हे त्या मानानें फारच अलीकडचे. तिसरें ठिकाण लाव्ह्याच्या दोन थरांमध्यें होय. एक उद्रेक शमल्यावर दुसरा होईपर्यंत मध्यें बराच काळ जाई. त्या अवकाशांत खळग्यांतून पाणी सांचे, चिखल बसे, वनस्पती व प्राणी नांदत. आणि पुढील उद्रेक त्या सर्वांवर झांकण घाली. या मधल्या गाळाच्या थरास आपण आंतरस्तर म्हणूं. जाड पुठ्ठ्यांच्या चळतींत एखादें लिहिलेलें पान अडकून राहावें, तशी त्याची स्थिति असते.

हें पान मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यास कां दिसावें, याचेंहि कारण आहे. सह्याद्रींतील लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे आहेत; परंतु पनवेलच्या सुमारास ते वांकून समुद्राकडे उतरूं लागतात. भूवैज्ञानिक या वांकास पनवेलचेंच नांव देतात. थर पश्चिमेकडे कललेले असल्यामुळें खाडी ओलांडून पश्चिमेस जावें तसतसे सामान्यतः वरचे, म्हणजे नंतरचे थर लागतात. वरळी व मलबार टेकडीच्या परिसरांतील आंतरस्तर हे याच नंतरच्या थरांपैकीं होत.

वरळीच्या या थरांतून चिमुकल्या बेडकांचे सांगाडे निघाले. १८४७ सालीं रिचर्ड ओवेन यांनीं लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या त्रैमासिकांत त्यांचें वर्णन करून ‘राना पुसिला’ असें नांव दिलें. ‘पुसिला’ म्हणजे अगदीं लहान. १८६९ सालीं फर्डिनांड स्टोलिच्का यांनीं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ग्रंथमालेंत त्यास ‘ऑक्सिग्लोसस’ या कुळांत घातलें. १९३० सालीं न्यूयॉर्क येथें नोबल यांनीं पुन्हां तपासणी करून ‘इंडोबॅट्राकस’ हें स्वतंत्र कूळ कल्पिलें, आणि त्याचे आप्त ऑस्ट्रेलियांतील लहान बेडकांत शोधिले. त्या नात्याविषयीं तज्ज्ञांत मतभेद आहेत. कुळाचें नांव मात्र रूढ झालें.

कांसवाची कथाहि अशीच आहे. मुंबईच्या लष्करी सेवेंतील शल्यवैद्य हेन्री जॉन कार्टर हे रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे चिटणीस होते. त्या शाखेच्या नियतकालिकांत त्यांनीं १८५२ सालीं मुंबई बेटाच्या भूरचनेवर विस्तृत निबंध लिहिला. त्यांनीं या कांसवास डॉ. लीथ यांच्या नांवावरून ‘टेस्टुडो लीथी’ म्हटलें. पुढें दक्षिण अमेरिकेंतील कांसवांशीं साम्य दिसल्यावरून तें ‘हायड्रास्पिस’ झालें. १९५३ सालीं विल्यम्स यांनीं तेंहि अमान्य केलें; आतां त्याचें कूळ कार्टर यांच्या स्मरणार्थ ‘कार्टेरेमिस’ असें म्हटलें जातें. मान आंत न ओढतां बाजूस वळविणाऱ्या कांसवांच्या ज्या गटांत तें पडतें, त्याचे आजचे आप्त आफ्रिका व मादागास्कर येथें आहेत. भरतखंड एके काळीं त्या भूमीशीं संलग्न होतें, या मताशीं ही गोष्ट जुळते. २००३ सालीं मुंबईच्या आंतरस्तरांतीलच ‘सांकुकेमिस’ नामक दुसऱ्या कांसवाचें वर्णन प्रसिद्ध झालें.

बेडूक खाऱ्या पाण्यांत सहसा राहत नाहीं. अर्थात् जेथें आज समुद्राची लाट आदळते, तेथें एके काळीं गोड्या पाण्याचें डबकें होतें, एवढें या इवल्या हाडांवरून ठरतें.

आमच्या वाचकांनीं येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावी. या प्राण्यांचीं नांवें पुनःपुन्हां पालटलीं, थराच्या काळाविषयींचीं अनुमानेंहि पालटलीं. परंतु ‘अमुक जागीं, अमुक थरांत मिळाला’ ही मूळ नोंद कायम राहिली, आणि प्रत्येक नवा संशोधक तिच्याच आधारें पुढें गेला. ताम्रपटाचें वाचन चुकलें तर पुन्हां करतां येतें. तो कोठें सांपडला हेंच हरवलें तर तें कोणासहि पुन्हां निर्माण करतां येत नाहीं. पाषाणाचेंहि तसेंच आहे.

याचें घरगुती उदाहरण म्हणजे शाळिग्राम. देव्हाऱ्यांत पुजला जाणारा हा काळा गोटा पुष्कळदां प्राचीन सागरांतील शंखधारी प्राण्याचा अवशेष असतो, आणि तो नेपाळांतील गंडकीच्या पात्रांतून येतो. तो बेलापूरच्या जुन्या वाड्यांत मिळाला म्हणून बेलापुरास तसा सागर होता, असें कोणी म्हणणार नाहीं. वस्तु जेथें मिळते ती तेथलीच असते असें नाहीं. तसेंच, फत्तराच्या फटींत उमटलेल्या काळ्या झाडासारख्या आकृति बहुधा मँगनीजच्या क्षारांच्या असतात, वनस्पतींच्या नव्हेत. आणि पोकळ्यांतील पांढरे चकचकीत खडे हे झिओलाइट नामक खनिज होत, दांत किंवा हाडें नव्हेत.

म्हणून खाणींत, विहिरींत किंवा इमारतीच्या पायांत गाळाच्या खडकाचा पातळ, पापुद्रे सुटणारा थर दिसल्यास तो अवश्य पाहावा. अवशेष दिसला तर तो खडकापासून सुटा करूं नये, तेलपाणी लावून उजळूं नये. तारीख, जागा, जमिनीपासूनची खोली, वरील व खालील खडक आणि नमुन्याची वरची बाजू कोणती, हें त्याच वेळीं लिहून ठेवावें, छायाचित्र घ्यावें, आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणास किंवा विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागास कळवावें.

ही तांतडी निष्कारण नव्हे. वरळीच्या टेकडीभोंवतीं आज दाट वस्ती आहे. पारसिकचा फत्तर खाणींतून नगराच्या बांधकामास गेला. २०२५ सालीं उद्घाटन झालेल्या विमानतळासाठीं उलव्याची टेकडी सपाट करण्यांत आली. हस्तलिखिताची प्रत जळाली तर दुसरी कोठें तरी असण्याची आशा असते. खडकाच्या या पानाची प्रत त्या जागीं एकच असते, व तें उघडें राहतें तें पाया भरला जाईपर्यंत. तेवढ्या अवधींत ज्याच्या हातीं नोंदवही असेल, त्याचें काम पुढील संशोधकांस आधार होईल.