स्थिर उभे राहणे आणि श्वास : चीनमधील एका व्यायामाची ओळख

आमच्या वसतिगृहातील मुले एखादा चिनी चित्रपट पाहून आली की एक प्रश्न हमखास विचारतात : “सर, भारतातून गेलेल्या बोधिधर्मांनीच शाओलिनच्या भिक्खूंना हे व्यायाम शिकविले ना?” हा प्रश्न ऐकून आरंभी आम्हालाही अभिमान वाटत असे. परंतु अभिमान बाळगण्यापूर्वी पुरावा तपासावा, हे इतिहासाच्या शिक्षकाचे पहिले कर्तव्य आहे. म्हणून चीनमधील ‘चीगोंग’ या व्यायामपद्धतीचा, विशेषतः तिच्यातील उभ्या स्थितीचा व श्वासाचा परिचय येथे करून देत आहोत.

‘ची’ म्हणजे श्वास किंवा प्राणशक्ती आणि ‘गोंग’ म्हणजे दीर्घ सरावाने साध्य होणारे कौशल्य. हे नाव १९५० च्या दशकात लिऊ ग्वेझेन यांच्या आरोग्यधामांतून व लेखनातून चीनभर रूढ झाले. व्यायाम मात्र फार जुने आहेत. हुनान प्रांतातील मावांगदुई येथे १९७३ साली सुरू झालेल्या उत्खननात इ.स.पू. १६८ मधील एक थडगे उघडण्यात आले. त्यातील रेशमी वस्त्रावर व्यायाम करणाऱ्या ४४ स्त्री-पुरुषांच्या आकृती रंगविलेल्या असून त्यांपैकी बहुतेक उभ्या आहेत. बोधिधर्मांचा काळ त्यानंतर सहाशेहून अधिक वर्षांचा. त्यांच्या नावावर सांगितला जाणारा ‘यीजिनजिंग’ हा व्यायामग्रंथ सतराव्या शतकातील असल्याचे अभ्यासक मानतात. शाओलिनच्या युद्धकलेशी बोधिधर्मांचे नाव जोडणारी कथा निराधार असल्याचे तांग हाओ या चिनी इतिहासकारांनीच १९३० साली दाखवून दिले.

मग बौद्ध परंपरेचा येथे काहीच वाटा नाही काय? आहे, आणि तो दंतकथेपेक्षा मोलाचा आहे. तिएनताई परंपरेचे आचार्य झियी (इ.स. ५३८–५९७) यांनी ध्यानाभ्यासकांसाठी शरीर, श्वास व चित्त यांचे नियमन कसे करावे, हे लिहून ठेवले. श्वासाचे त्यांनी चार प्रकार सांगितले : आवाज होणारा, आवाज नसलेला पण अडखळणारा, न अडखळणारा पण स्थूल, आणि येतो-जातो हे जेमतेम जाणवावे इतका सूक्ष्म. यांतील चौथाच चित्ताला स्थिर करतो. शरीर, श्वास व चित्त ही त्रयी आजच्या चीगोंगमध्येही पायाभूत मानली जाते.

उभ्या स्थितीला चिनी भाषेत ‘झान झुआंग’, म्हणजे ‘खांबासारखे उभे राहणे’, असे म्हणतात. वांग श्यांगझाई या युद्धकलागुरूंनी विसाव्या शतकात आपल्या शिकवणीत या स्थितीला मध्यवर्ती स्थान दिले. कृती साधी आहे. दोन्ही पावलांत खांद्यांइतके अंतर ठेवून ती समोर रोखावीत. गुडघे किंचित वाकवावेत. उंच स्टुलावर नुकतेच टेकत आहोत, असे कंबरेला वाटावे. पाठ सरळ, हनुवटी जराशी आत, खांदे सैल. एखाद्या झाडाला कवेत घ्यावे तसे दोन्ही हात छातीसमोर गोलाकार धरावेत. कोपरे खाली झुकलेली असावीत. श्वास नाकाने, सहज घ्यावा. तो पोटापर्यंत आपोआप पोहोचू द्यावा. रोखू नये, ओढू नये. आरंभी दोन-तीन मिनिटे पुरेत. हळूहळू पंधरा मिनिटांपर्यंत जावे आणि शेवटी हात सावकाश खाली आणून थोडे चालावे.

आम्ही स्वतः आरंभी एक चूक केली. ‘खांबासारखे’ हा शब्द अक्षरशः घेऊन गुडघे ताठ ठेवले आणि काही मिनिटांतच घेरी आली. कारण सरळ आहे. पायांतील रक्त हृदयाकडे परत पाठविण्यास पोटऱ्यांचे स्नायू साहाय्य करतात. पाय ताठ व निश्चल ठेवले की रक्त खाली साचते आणि मेंदूला कमी पडते. गुडघे सैल ठेवले की स्नायू काम करीत राहतात. मांड्या थरथरू लागल्या तर ‘शक्ती संचारली’ असे समजू नये. तो स्नायूंचा थकवा होय. श्वास संथ झाला, विशेषतः उच्छ्वास लांबला, की हृदयाची गती मंदावते व मन शांत होते.

याहून अधिक दावे करणाऱ्यांपासून मात्र सावध राहावे. १९८० च्या दशकात चीनमध्ये चीगोंगची लाट आली, तेव्हा हातातून ‘ची’ सोडून दुरूनच रोग बरे करण्याचे दावे झाले आणि लक्षावधी लोक त्यांमागे धावले. रक्तदाब, मधुमेह यांवरील औषधे या व्यायामासाठी कोणीही बंद करू नयेत. गर्भवती स्त्रिया, हृदयविकाराचे रुग्ण व गुडघेदुखीने त्रस्त असलेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा.

आमच्या पिढीला शाळेत उभे राहणे ठाऊक होते ते शिक्षा म्हणून. आमच्या वाडवडिलांना तर दाराबाहेर, पाणवठ्यापासून दूर उभे राहावे लागले. आज आपली मुले स्वेच्छेने, ताठ मानेने आणि शांत श्वासाने दहा मिनिटे उभी राहतात, तेव्हा आम्हाला मनापासून समाधान वाटते. त्या समाधानासाठी बोधिधर्मांच्या कथेचा टेकू लागत नाही. म्हणून माजी विद्यार्थ्यांना व पालकांना एवढेच सांगणे आहे : करून पाहा, अनुभव तपासा, जे हितकर ठरेल तेवढेच ठेवा. आणि मुलांनी तोच प्रश्न विचारला, तर त्यांना मावांगदुईच्या त्या ४४ आकृतींविषयी आवर्जून सांगा.