साहेबांचा राग मुलावर का?

ऑफिसात साहेबांनी चारचौघांत झापले, तेव्हा त्याने ‘हो सर’ म्हणून मान खाली घातली. संध्याकाळी घरी मुलाच्या हातून पाण्याचा पेला सांडला आणि पोराच्या पाठीत धपाटा बसला. रात्री मूल झोपले, पण बापाला झोप येईना. एवढे काय केले होते पोराने?

अनेक घरांत घडणाऱ्या अशा प्रसंगाचा अर्थ लावायला व्हिएन्नाचे डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड यांचा सिद्धांत उपयोगी पडतो. १९२३ मध्ये त्यांनी व्यक्तिमत्त्वाचे तीन घटक मांडले. ‘इदम्’ जन्मापासूनच असते. त्याला हवे ते आत्ताच हवे असते, परिणामांशी देणेघेणे नसते. ‘पराहम्’ म्हणजे आईवडिलांच्या शिकवणुकीतून मनात बसलेला न्यायाधीश. ‘हे शोभत नाही’ असे तो टोचत राहतो. या दोघांच्या ओढाताणीत, बाहेरच्या जगाचे भान ठेवून मार्ग काढतो तो ‘अहम्’. बोलताना आपण ज्याला अहंकार म्हणतो, तो हा नव्हे.

त्या बापाच्या इदमला साहेबांवर ओरडायचे होते. नोकरी जाईल, हे अहमने ओळखले. पण दाबलेला राग विरला नाही. ज्याच्यापासून धोका नाही, अशा दुबळ्या जिवाकडे तो वळला. याला ‘विस्थापन’ म्हणतात. रात्रीची टोचणी पराहमची.

विस्थापन ही एक संरक्षण यंत्रणा आहे. फ्रॉइड यांची कन्या ॲना यांनी १९३६ मध्ये या यंत्रणांवर पुस्तकच लिहिले. नकोसा विचार अबोध मनात ढकलणे म्हणजे दमन. स्वतःच्या मनातले दुसऱ्याच्या माथी मारणे म्हणजे प्रक्षेपण. तीच ऊर्जा खेळाकडे किंवा कलेकडे वळवणे म्हणजे उदात्तीकरण. हे सारे नकळत चालते. म्हणूनच बापाला खरोखर वाटते, की आपण पेल्यासाठीच चिडलो.

फ्रॉइड यांची अनेक मते प्रयोगाने तपासता येत नाहीत, अशी टीका होते आणि ती रास्त आहे. इदम् किंवा अहम् मेंदूत बोट ठेवून दाखवता येत नाही. मात्र मनाचा बराच कारभार आपल्या नकळत चालतो, हे आजचे मानसशास्त्रही मानते.

हात उगारण्यापूर्वी ‘हा राग नक्की कोणावरचा?’ एवढे स्वतःला विचारावे. चूक झालीच, तर मुलाची माफी मागावी. त्यात कमीपणा नाही. असे वारंवार होत असेल, तर समुपदेशकाला भेटावे किंवा सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेशी १४४१६ या क्रमांकावर बोलावे.