पावसाच्या खंडात भाताचे रोप काय करते?

रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर हे तालुके म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याचा, धो धो पावसाचा मुलूख. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस येथे पडतो. अशा ठिकाणी पिकाला पाण्याचा तुटवडा पडतो असे सांगितले, तर घाटावरचा शेतकरी हसेल! पण विद्यार्थी मित्रांनो, रोपाला वर्षाच्या पावसाची बेरीज कळत नाही. त्याला कळते ते आज मुळांशी किती ओल आहे एवढेच. उताराच्या वरकस जमिनीत मातीचा थर उथळ असतो. पडलेले पाणी पाहता पाहता उल्हास आणि पाताळगंगा या नद्यांना जाऊन मिळते. मग जूनमध्ये आठ-दहा दिवस पावसाने दडी मारली आणि कडक ऊन पडले, की राबातली कोवळी रोपे संकटात सापडतात.

संकटाची सुरुवात रोप उगवण्याआधीच होते. रोहिणी नक्षत्रात भाजलेल्या राबावर कोरडे बी पेरतात. यालाच धूळवाफेची पेरणी म्हणतात. कोरड्या दाण्यात जेमतेम १२-१३ टक्के पाणी असते आणि तो महिनोन् महिने निवांत झोपून राहू शकतो. वळवाची एखादी सर आली की तो पाणी शोषून फुगतो. एवढ्यावर पुन्हा ऊन पडून तो सुकला, तरी बहुधा काही बिघडत नाही. मात्र एकदा मोड बाहेर पडून वाढू लागला, की सुकून पुन्हा जिवंत होण्याची ही शक्ती झपाट्याने नाहीशी होते. म्हणून अर्धवट पाऊस हा पाऊस न पडण्यापेक्षाही घातक! बी उगवते, वाळते, आणि शेतकऱ्याला घरात ठेवलेले बी काढून दुबार पेरणी करावी लागते.

रोप उगवल्यावर मात्र ते स्वस्थ बसत नाही. माती सुकू लागली की मुळांत व पानांत ॲबसिसिक आम्ल नावाचे संप्रेरक तयार होते. पानांवर सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. प्रत्येक रंध्राच्या दोन बाजूंना दोन रक्षक पेशी असतात. त्या पाण्याने टरारलेल्या असल्या म्हणजे रंध्र उघडे राहते. संप्रेरकाचा निरोप पोचताच या पेशींतील पोटॅशियम बाहेर पडते, त्याच्यामागून पाणीही जाते, पेशी ढिल्या पडतात आणि दार बंद होते. पाण्याची वाफ होणे थांबते. पण याच दाराने कार्बन डायऑक्साइड आत येत असतो! दार लावले तर तहान भागते, पण उपासमार सुरू होते. सारी झुंज या पेचाभोवती चालते.

दुसरी युक्ती तुम्ही शेताच्या बांधावरूनच पाहू शकता. भाताच्या पात्याच्या वरच्या बाजूस शिरांच्या मधोमध मोठ्या, फुगीर पेशींच्या रांगा असतात. त्यांतील पाणी कमी झाले की त्या आक्रसतात आणि पाते सुरळीसारखे गुंडाळले जाते. उन्हाला सापडणारा पृष्ठभाग कमी होतो. दुपारी गुंडाळलेली पाती सकाळी उलगडलेली दिसली, तर रोप अजून सावरते आहे असे समजावे. भल्या पहाटेही ती सुरळीच राहिली, तर धोका खरा!

जमिनीखाली याहून महत्त्वाचे काम चालते. पानांची वाढ आधी थांबते, मुळांची मात्र काही काळ चालू राहते, कारण पानांत तयार झालेली साखर आता मुळांकडे वळते. मुळांच्या टोकाशी पेशींमध्ये साखर, पोटॅशियम आणि प्रोलीन नावाचे अमिनो आम्ल साठते. सुकलेला बेदाणा पाण्यात टाकला की टरारून फुगतो, कारण आतला द्राव दाट असतो. त्याच तत्त्वाने ही मुळे जेमतेम ओलसर मातीतूनही पाणी ओढून घेतात.

नाचणी आणि वरी ही येथील डोंगरउताराची पिके या बाबतीत भातापेक्षा काटक. त्यांच्या पानांत कार्बन डायऑक्साइड आधी गोळा करून पुरवण्याची सोय असते, त्यामुळे रंध्रे अर्धवट मिटली तरी काम चालते. भाताला ही सोय नाही आणि त्याची बहुतेक मुळे वीतभर खोलीतच पसरतात. शिवाय लावणीसाठी आपण चिखलणी करतो. तिच्यामुळे खाली घट्ट थर तयार होतो. तो पाणी अडवतो हे खरे, पण खंड पडला तर मुळांचीही वाट अडवतो.

मुळे खोल नेता येतील का? जपानी शास्त्रज्ञांनी २०१३ साली याचे एक उत्तर प्रसिद्ध केले. फिलिपाइन्समधील किनांदांग पाटोंग या डोंगराळ भागातील भातात त्यांना मुळांचा कोन ठरवणारे एक जनुक सापडले. संकराने ते आयआर-६४ या उथळ मुळांच्या जातीत आणल्यावर मुळे सरळ खाली गेली आणि अवर्षणातही उत्पन्न बरेच टिकले.

कर्जतला १९१९ पासून भातसंशोधन केंद्र आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाशी ते आज संलग्न आहे. कर्जत-१८४, कर्जत-३ अशा हळव्या जाती तेथल्याच. हळव्या जाती लवकर पिकून भाद्रपद-आश्विनातल्या कोरडीतून सुटतात. मात्र जूनच्या खंडातून त्या रोपाला वाचवत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. तिथे वेळेचाही प्रश्न असतो. रोपे साधारण २१ ते २५ दिवसांची झाली की लावणी व्हावी. पावसाअभावी ती राबातच म्हातारी झाली, तर पुढे फुटवे कमी येतात, मग आषाढात कितीही पाणी येवो.

शाळेत एक प्रयोग करून पाहा. दोन कुंड्यांत एकाच दिवशी भात व दोन कुंड्यांत नाचणी पेरा. पंधरा दिवसांनी प्रत्येकी एका कुंडीचे पाणी बंद करा, आणि रोज सकाळी सात व दुपारी दोन वाजता कोणती पाती गुंडाळली आहेत ते वहीत लिहा. पाचव्या-सहाव्या दिवशी सर्व रोपे मुळांसकट हळुवार धुऊन काढा, मुळे व पाने वेगळी करून वाळवा आणि तोलून पाहा. तहानलेल्या रोपात पानांच्या मानाने मुळांचे वजन किती भरते? नाचणीत आणि भातात हे प्रमाण सारखेच येते का?