मुंबईची साथ, दोनदा मांडलेली

१९०५च्या डिसेंबरपासून १९०६च्या जुलैपर्यंत मुंबईत प्लेगने दर आठवड्याला किती माणसं दगावली, याचा आलेख १९२७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. ठिपके खऱ्या मृत्यूंचे. त्यांच्यातून जाणारी घंटेसारखी रेघ मात्र गणितातून काढलेली. माथा आठवड्याला सुमारे ८९० मृत्यूंवर, आणि ठिपके तिला जवळजवळ चिकटलेले!

ती काढणारे दोघं एडिनबर्गचे. मॅकेंड्रिक हिंदुस्थानात नोकरी केलेले डॉक्टर, तर कर्मॅक रसायनशास्त्रज्ञ. १९२४मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात कर्मॅकची दृष्टी गेली होती. म्हणजे हा आलेख कर्मॅकनी स्वतः कधी पाहिलाच नाही.

या दोघांनी अख्खं शहर तीन डब्यांत भरलं: लागण व्हायची राहिलेले, आजारी आणि सुटलेले, मग ते बरे होऊन सुटोत वा मरून. कुणीही कुणालाही सारखाच भेटतो, हे गृहीत. त्यातून एक विलक्षण गोष्ट निघाली. साथ ओसरायला सगळ्यांनी आजारी पडावं लागत नाही; आजाऱ्याला नवा बकरा सापडेनासा झाला की ती आपोआप बसते.

पण प्लेग तर उंदरांचा आणि पिसवांचा. हे दोघांनाही ठाऊक होतं, तसं त्यांनी लिहिलंही. पुढे २०१२ साली निकोला बाकाएर या गणितज्ञाने दाखवलं की मुंबईचा प्लेग ऋतूंच्या तालावर चढत-उतरत होता. रेघ जुळली होती, कारण चुकलं होतं. मला हा किस्सा फार आवडतो.

२०२०मध्ये कोविडच्या साथीसाठी मुंबईची टीआयएफआर आणि बंगळुरूची आयआयएससी या संशोधन संस्थांनी उलटा रस्ता धरला. डबे नाहीत, संगणकात एकेक मुंबईकर. त्याला वय, घर, कामाची जागा, दाट वस्ती की सोसायटी, लोकलचा प्रवास. पुन्हा पुन्हा प्रत्येकासाठी फासा टाकायचा: आता लागण झाली की नाही?

हा खटाटोप कशाला, ते जुलैतल्या रक्ततपासणीने दाखवलं. तीन वॉर्डांत मिळून झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांत प्रतिपिंडं सापडली, बाहेर १६ टक्क्यांत. तीन डब्यांचं गणित या दोन आकड्यांची सरासरी सांगेल, आणि त्या सरासरीत राहणारा मुंबईकर शोधूनही मिळणार नाही.

अर्थात फाशांच्या या खेळात अंदाजाने फिरवायच्या कळा ढिगाने. शिवाय डब्यांचं समीकरण दर वेळी तेच उत्तर देतं, फासे देत नाहीत. एकाच आजाऱ्यापासून सुरुवात करा, तीच मुंबई पुन्हा चालवा: या खेपेला तो दिवसभर घरीच झोपून राहतो, कुणालाच काही होत नाही आणि लोकल भरभरून धावत राहतात.