ॲव्हनकाठचे काष्ठमंडल

इंग्लंडमधील स्टोनहेंजच्या शिळांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र फार वर्षांपासून ओढ आहे ती तेथून ईशान्येस अवघ्या दोन मैलांवर, ॲव्हन नदीच्या खोऱ्यात असलेल्या वुडहेंजची, कारण तेथील मंडल लाकडाचे होते, ते केव्हाच कुजून नाहीसे झाले, आणि उरली ती खडूच्या खडकात खणलेली विवरे.

डिसेंबर १९२५ मध्ये स्क्वॉड्रन लीडर गिल्बर्ट इन्सॉल यांना विमानातून तेथे पांढऱ्या ठिपक्यांचे एक वर्तुळ दिसले, आणि पुढच्या जुलैत गहू वाढल्यावर त्या ठिपक्यांची एकात एक वसलेली वलये स्पष्ट झाली. बुजलेल्या खड्ड्यातील खोल माती ओल धरून ठेवते, म्हणून तेवढ्याच जागी पीक जोमाने वाढते. आकाशातून प्राचीन स्थळे हुडकण्याच्या या विद्येला शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून देणारे ओ. जी. एस. क्रॉफर्ड १८८६ साली मुंबईस ब्रीच कँडी येथे जन्मले होते, याचे स्मरण आपल्याकडे असावयास हवे.

परंतु या कथेची खरी नायिका आहे पुरातत्त्वज्ञ मॉड कनिंग्टन. एकुलता एक पुत्र १९१८ साली महायुद्धात गमावलेल्या या विदुषीने पती बेन यांच्यासह १९२६ पासून तेथे उत्खनन करून सहा लंबवर्तुळांतील दीडशेहून अधिक विवरे मोजली, आणि मंडलाचा दीर्घ अक्ष उन्हाळ्यातील दीर्घतम दिवसाच्या सूर्योदयाकडे रोखलेला आहे, हे दाखवून दिले. मध्यभागाजवळ सुमारे साडेतीन वर्षांच्या बालकाचा सांगाडा मिळाला. कवटी दुभंगलेली पाहून तो बळी असावा, असा निष्कर्ष बाईंनी काढला. मला तो मान्य नाही: कोवळ्या कवटीच्या शिवणी मातीच्या भारानेही उकलतात, हा पुढील संशोधकांचा आक्षेप मला अधिक सबळ वाटतो. पुरातत्त्वज्ञ स्टुअर्ट पिगट यांनी तर हे खांब छपराचे होते, म्हणजे ही वास्तूच होती, असे प्रतिपादन केले; तो वाद अद्याप निकाली निघालेला नाही.

बाईंचे सर्वांत मोठे कार्य मात्र वादापलीकडचे आहे. त्यांनी प्रत्येक विवराच्या जागी काँक्रीटचा बुटका खांब उभारला, आणि पतिपत्नींनी ती जमीन रीतसर खरीदून राष्ट्राच्या स्वाधीन केली. अठराव्या शतकात पुरातन वास्तूंचे अभ्यासक विल्यम स्टुकली यांच्या डोळ्यांदेखत शेतकऱ्यांनी ज्याच्या शिळा उखडल्या, ते ओव्हरटन टेकडीवरचे ‘सँक्चुअरी’ नामक मंडल त्यांनी १९३० साली त्याच स्टुकलींच्या टिपणांवरून हुडकले, तेथेही शिळांबरोबर काष्ठस्तंभांची विवरे सापडली, आणि तीही जागा त्यांनी विकत घेऊन सरकारजमा केली. १९५१ साली त्या निवर्तल्या. त्यानंतर १९६६ ते १९६८ या काळात, वुडहेंजला लागूनच असलेल्या डरिंग्टन वॉल्स या प्राचीन स्थळातून नवा रस्ता काढावयाचा म्हणून पुरातत्त्वज्ञ जेफ्री वेनराइट यांनी जे उत्खनन केले, त्यात दोन काष्ठमंडले उघडकीस आली, आणि त्यांतील दक्षिणेकडचे मंडल वुडहेंजप्रमाणेच सहा वलयांचे होते.